रिव्हॉल्व्हरांतील छऱ्यांचें काडतूस

अमेरिकेंतील कित्येक शेतकरी व गुराखी सर्पभयास्तव ‘४४’ वा ‘४५’ नंबरच्या रिव्हॉल्व्हरांत छऱ्यांचीं काडतुसें बाळगतात. कोणी तीं घरींच भरतात. उडविलेल्या पितळी काडतुसास नवी टोपी बसवून दारू, पुठ्ठ्याची चकती, बारीक छर्रे व पुन्हां चकती घालून तोंड आवळतात. आवळणी ढिली राहिली, तर पहिल्या बाराच्या धक्क्यानेंच शेजारील काडतुसाची चकती पुढें सरकते, छर्रे सांडतात व चक्र अडकतें.

दुसरा दोष नळीचा. तिच्या आंतील पीळदार खांचांमुळें छर्रे फिरत फिरत बाहेर फांकतात. चार पावलांपलीकडे मधला भाग विरळच राहतो. नेम अचूक असूनही सर्प वांचतो, आणि तोही डिवचलेला!

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वयें परवान्यावांचून काडतुसें भरणें गुन्हा आहे. नाग-घोणसांस १९७२ च्या वन्यजीव कायद्याचें संरक्षण आहे. म्हणून शेतकरी बंधूंनीं हा मोह धरूं नये. रात्रीं पाणी देण्यास जातांना पायांत उंच बूट, हातांत विजेरी व काठी असावी. दंश झाल्यास मांत्रिकाकडे वेळ न दवडतां, दंशाचा अवयव न हलवितां, प्रतिविष असलेलें रुग्णालय तत्काळ गांठावें.