वाघळांची गुहा आणि आपला कापूस



आज गुहेत राहणाऱ्या वटवाघळांबद्दल बोलूया. बचत गटाला वाघळांचं काय, असं कोणी म्हणेल. पण आपल्या घाटंजीचं पीक कापूस आणि कापसाची वैरीण बोंडअळी. अळी होते पतंगाच्या अंड्यातून, आणि पतंग उडतो रात्री. त्याला हवेतच टिपतात ती कीटक खाणारी लहान वटवाघळं. अमेरिकेत टेक्सासमध्ये ब्रॅकन नावाच्या एकाच गुहेत उन्हाळ्यात दीड कोटीच्या वर वटवाघळं असतात. तिकडची वटवाघळं बोंडअळीचे पतंग खातात, त्यामुळे कापूसवाल्यांचा फवारणीचा खर्च वाचतो, असं अभ्यासकांनी हिशेब करून दाखवलं आहे.

जगात वटवाघळांच्या १,४०० हून जास्त जाती आहेत. रक्त पिणाऱ्या फक्त तीन, त्याही मध्य आणि दक्षिण अमेरिकेत. आपल्या देशात एकही नाही.

आता आपल्या शेजारचं उदाहरण ऐका. बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्याच्या जंगलात तळेवाडीजवळ बारापेडे गुहा आहे. तिथल्या एका वटवाघळाची जात १९१३ साली शास्त्रात नोंदली गेली. रॉटन या वनअधिकाऱ्याचं नाव तिला मिळालं. पुढे कित्येक दशकं जगात ही जात फक्त याच गुहेत माहीत होती. नंतर मेघालयात आणि कंबोडियात सापडली. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तिला वाघासारखंच पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे.

एवढी काळजी कशासाठी? बहुतेक वटवाघळांची मादी वर्षाला एकच पिल्लू देते. सगळा कळप एका जागी राहतो. कोणी धूर केला, फटाका फोडला, तर अंगाला बिलगलेली पिल्लं खाली पडून मरतात. एका दिवसात गेलेला कळप भरून यायला वर्षानुवर्षं लागतात.

आपल्याकडे पडकी गढी, जुनं देऊळ, कोरडी विहीर याच त्यांच्या गुहा. तिथे धूर करू नका, पोरांना दगड मारू देऊ नका. मात्र वटवाघूळ हातात धरायचं नाही. चावलंच तर जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की पाच मिनिटं हा विषय घ्या. गावात वाघळं कुठे राहतात, ते आपल्या म्हाताऱ्या बायांना पक्कं ठाऊक असतं. त्यांनाच विचारा.