सी ड्राइव्हसाठी डिफ्रॅगचं सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं?



आमच्या बिद्रीत कारखान्याचा हंगाम सुरू झाला की बरेच पालक शाळेकडे फिरकत नाहीत, वेळच नसतो. तरी परवा एक पालक मुद्दाम भेटायला आले. ऊसवाहतुकीचा ट्रॅक्टर चालवतात, मुलगी दहावीला आहे. म्हणाले, "सर, घरचा कॉम्प्युटर लई स्लो झालाय. दुकानात विचारलं तर म्हणाले, सी ड्राइव्ह डिफ्रॅग करायला पायजे, सॉफ्टवेअरचे बाराशे रुपये होतील. घेऊ का?"

त्यांना म्हटलं, थांबा, आधी कॉम्प्युटर शाळेत घेऊन या. असा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो, म्हणून आज त्यावरच लिहितो.

आधी डिफ्रॅग म्हणजे काय ते बघू. कारखान्याच्या गाडी अड्ड्यावर एकाच शेतकऱ्याच्या दहा ट्रॉल्या आल्या आहेत असं समजा. त्या एकामागे एक उभ्या असतील तर वजनकाट्यावरून भराभर पुढे सरकतात. पण जागा मिळेल तिथे, अड्डाभर विखरून उभ्या असतील तर प्रत्येक ट्रॉली शोधून आणावी लागते. ऊस तेवढाच, वेळ मात्र कितीतरी जास्त. हार्ड डिस्कवर फायलींचं असंच होतं. फायली साठवतो, पुसतो, पुन्हा साठवतो. मधेमधे मोकळ्या झालेल्या जागांत नवी फाइल तुकड्या-तुकड्यांनी बसते. हे तुकडे उचलून सलग लावणं म्हणजे डिफ्रॅगमेंटेशन.

याचा फरक किती पडतो, ते गणितानं बघा (आठवी-नववीच्या मुलांना घालायला चांगलं उदाहरण आहे). हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा लागतो, म्हणजे साधारण ४ मिलिसेकंद. त्याआधी आर्मला त्या जागेपर्यंत सरकायला सुमारे ९ मिलिसेकंद लागतात. एका उडीला झाले १३ मिलिसेकंद. आता ५० एमबीची एक फाइल घ्या. सलग असेल तर अर्ध्या सेकंदात वाचून होते. तीच ५०० तुकड्यांत असेल तर नुसत्या उड्यांतच साडेसहा सेकंद जातात. विंडोज सुरू होताना अशा शेकडो फायली वाचते आणि त्या बहुतेक सी ड्राइव्हवर असतात. म्हणून सी ड्राइव्हचं दुखणं आपल्याला सगळ्यात आधी जाणवतं.

हे सगळं फिरणाऱ्या तबकडीच्या डिस्कला लागू आहे. एसएसडीत तबकडी नाही, आर्म नाही. तिथली एक उडी मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात होते. पाचशे तुकडे असले तरी काही बिघडत नाही. शिवाय एसएसडीच्या पेशींना लिहिण्याची मर्यादा असते, आणि डिफ्रॅग म्हणजे विनाकारण पुन्हा पुन्हा लिहिणं. म्हणून सॉफ्टवेअर निवडायच्या आधी आपली डिस्क कुठली ते बघा. विंडोज ८ किंवा १० मध्ये स्टार्टला जाऊन इंग्रजीत 'डिफ्रॅग' टाइप केलं की 'ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज' दिसतं. तिथे प्रत्येक ड्राइव्हपुढे हार्ड डिस्क की सॉलिड स्टेट ते लिहिलेलं असतं. सॉलिड स्टेट असेल तर विंडोज स्वतःच डिफ्रॅगऐवजी ट्रिम नावाचं हलकं काम करते. तुम्ही काही विकत घेऊ नका, काही डाउनलोड करू नका.

हार्ड डिस्क असेल तरी लगेच डिफ्रॅगचं बटण दाबू नका. इथे माझीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी शाळेचा एक कॉम्प्युटर फार अडखळत होता. मधूनच कट्-कट् आवाज यायचा. मी तिकडे लक्ष दिलं नाही, संध्याकाळी डिफ्रॅग लावून घरी गेलो. सकाळी शिपाई मामांनी चालू केला तर काळी स्क्रीन. डिस्क आधीच मरायला टेकलेली होती आणि मी तिला रात्रभर धावायला लावलं. सहा वर्षांच्या स्नेहसंमेलनांचे फोटो गेले. दुसरीकडे कॉपी नव्हती. त्या मुलांपैकी काही जण अजून भेटले की फोटो मागतात.

तेव्हापासून मी आधी क्रिस्टलडिस्कइन्फो हे छोटं मोफत सॉफ्टवेअर चालवतो. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवत असते, ती ते वाचून दाखवतं. निळा रंग म्हणजे ठीक. पिवळा रंग आणि 'कॉशन' दिसलं तर डिफ्रॅगचा विचार सोडा आणि आधी फायली दुसरीकडे काढा.

डिस्क ठणठणीत आहे, तर मग सॉफ्टवेअर कोणतं? माझं मत स्पष्ट आहे: विंडोजचंच. विंडोज एक्सपीच्या काळात सोबत आलेलं डिफ्रॅगमेंटर अगदीच साधं होतं, त्यामुळे बाहेरची सॉफ्टवेअर घ्यायची सवय लोकांना लागली. विंडोज व्हिस्टापासून ते वेळापत्रकाप्रमाणे आपोआप चालतं. विंडोज ७ मध्ये ठरलेली वेळ बुधवारी रात्री एकची आहे. आता शाळेचा किंवा घरचा कॉम्प्युटर रात्री एकला चालू कशाला असेल? आणि दिवसा तो मोकळा सापडत नाही. त्यामुळे हे काम मागे पडत राहतं. त्या खिडकीत शेवटचं डिफ्रॅग कधी झालं त्याची तारीख दिसते. ती बघा, आणि शनिवारी शाळा लवकर सुटते तेव्हा हातानं लावा. लॅपटॉप असेल तर चार्जर जोडून, डेस्कटॉप असेल तर यूपीएसवर. लोडशेडिंगचा भरवसा नाही. (विंडोज ९८ वर डिफ्रॅग केलेल्यांना ते रंगीत चौकोन आठवत असतील. मधेच कुठली फाइल लिहिली गेली की ते पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. आता तसं होत नाही.)

अजून एक. डिफ्रॅगला तुकडे हलवायला मोकळी जागा लागते. सी ड्राइव्हचा निदान १५ टक्के भाग रिकामा हवा. ४० जीबीचा सी असेल तर ६ जीबी. आपण डेस्कटॉपवर आणि डाउनलोड्समध्ये सगळं टाकत राहतो, ते सगळं सी मध्येच जातं. ते डी मध्ये हलवलं तरी निम्मं दुखणं कमी होतं.

बाहेरच्या सॉफ्टवेअरांची जाहिरात एका गोष्टीवर चालते. ते स्कॅन करून लालभडक आकडा दाखवतात: तीस टक्के फ्रॅगमेंटेड! विंडोज मात्र म्हणते दोन टक्के. खोटं कुणीच बोलत नाही. ६४ एमबीपेक्षा मोठे तुकडे विंडोज मोजत नाही, कारण एवढे मोठे तुकडे जोडून वेगात काही फरक पडत नाही. बाहेरचं सॉफ्टवेअर तेही मोजतं. आणि फायली हलवायचं काम शेवटी विंडोजच करते, बाहेरचं सॉफ्टवेअर फक्त तिला हुकूम देतं.

मग त्यांचा उपयोगच नाही का? सी ड्राइव्हच्या बाबतीत एक आहे. विंडोज चालू असताना काही फायली कुलूपबंद असतात: पेज फाइल, हायबरनेशनची फाइल. त्या हलवायच्या तर विंडोज पूर्ण उघडण्याआधी हलवाव्या लागतात. डिफ्रॅगलरमध्ये ही बूट टाइमची सोय आहे, आणि एकच निवडलेली फाइल डिफ्रॅग करायचीही. मोफत आहे, पण त्यात बरीच वर्षं नवी सुधारणा आलेली नाही. मायडिफ्रॅग एके काळी माझं आवडतं होतं, ते तर २०१० मध्येच थांबलं. कुठलंही घ्या, बनवणाऱ्याच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या आणि इन्स्टॉल करताना 'नेक्स्ट नेक्स्ट' करत जाऊ नका. मोफत सॉफ्टवेअरसोबत टूलबार आणि नको ते 'क्लीनर' चिकटून येतात, आणि कॉम्प्युटर होता त्याहून स्लो होतो.

खरं तर या कुलूपबंद फायलींसाठीही बाहेरचं काही लागत नाही. हायबरनेशन बंद केलं की त्याची फाइल निघून जाते. विंडोज ७ मध्ये ती रॅमच्या ७५ टक्के असते, म्हणजे ४ जीबी रॅम असेल तर ३ जीबी जागा सुटली. (विंडोज १० मध्ये त्याबरोबर फास्ट स्टार्टअपही बंद होतं, हे ध्यानात ठेवा.) पेज फाइल तात्पुरती बंद करून रिस्टार्ट करायचं, दुसरं काही न उघडता डिफ्रॅग करायचं, मग ती ठरावीक आकाराची करून पुन्हा चालू करायची. ती सलग जागेत बसायची शक्यता वाढते, आणि आकार बदलत नसल्यामुळे पुढे तिचे तुकडे होत नाहीत.

त्या पालकांनी रविवारी कॉम्प्युटर आणला. हार्ड डिस्कच होती. क्रिस्टलडिस्कइन्फो चालवलं, तर पिवळं. न वाचता येणाऱ्या सेक्टरांचा आकडा चढलेला. डिफ्रॅग केलंच नाही. मुलीचे प्रोजेक्ट, शिष्यवृत्तीचे कागद, घरचे फोटो आधी पेन ड्राइव्हवर काढले. त्यातल्या दोन फायली उघडल्या नाहीत, बाकी सगळ्या वाचल्या. मग त्या बाराशेत थोडी भर घालून छोटी एसएसडी आणली आणि तिच्यावर विंडोज नव्यानं टाकली. आता स्क्रीन यायला चहा ठेवून यायची गरज पडत नाही, असं मुलगी म्हणाली.

जुनी डिस्क त्यांनी शाळेला दिली आहे. ती खोलून नववीच्या मुलांना तबकडी आणि आर्म दाखवायचा विचार आहे. तिच्या स्क्रूंना साधा स्क्रू ड्रायव्हर चालत नाही, चांदणीच्या तोंडाचा टॉर्क्स टी-८ लागतो. मुरगूड-गारगोटीकडच्या कुणा शिक्षक मित्राकडे असेल तर कळवा, दोन दिवसांसाठी हवा आहे.