रविवारचं विद्यापीठ

कोल्हापूरच्या राजारामपुरीत पत्ता विचारला की आधी गल्लीचा नंबर सांगतात. पहिली, आठवी, बारावी. राजाराम महाराजांच्या नावाच्या या पेठेत खाली कापडाची, सोन्याची, मोबाइलची दुकानं आणि वरच्या मजल्यांवर क्लासच्या पाट्या असतात. पहिल्या गल्लीत मुलींचं कमला कॉलेज, गावाच्या पूर्वेला सागरमाळावर शिवाजी विद्यापीठ. शिक्षणाची इथं ददात नाही. मात्र हा सगळा पसारा शाळा-कॉलेजच्या वयाच्या पोरांसाठी मांडलेला. दुकानात दिवसभर कापड फाडणारा चाळिशीचा माणूस, शिरोलीच्या फाउंड्रीत पाळी करणारा कामगार, दहावीत लग्न झालेली आणि आता मुलगीच दहावीला असलेली बाई, यांना पुन्हा शिकावंसं वाटलं तर त्यांनी कुठल्या जिन्यानं वर जायचं?

पूर्वी त्यांच्यासाठी वाटा दोनच होत्या. शाळा सुटलेल्याला ‘सतरा नंबरचा फॉर्म’ भरून बाहेरून दहावी-बारावीला बसता यायचं. पुढं पदवीसाठी विद्यापीठाची बहिःस्थ परीक्षा असायची. म्हणजे फी भरा, बाजारातून गाईड आणा आणि मार्च-एप्रिलमध्ये नशीब आजमावा. परीक्षा मिळायची, शिकवणारं कोणी मिळायचं नाही.

ही उणीव भरून काढायला जी संस्था उभी राहिली ती नाशिकची, तरी तिचं एक विभागीय केंद्र कोल्हापुरात आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ राज्य विधिमंडळाच्या कायद्यानं १ जुलै १९८९ रोजी स्थापन झालं. ब्रिटनमध्ये मुक्त विद्यापीठाला सनद १९६९ साली मिळाली होती. आपल्याकडे आंध्र प्रदेशानं १९८२ साली सुरुवात केली, १९८५ साली दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आलं, मग कोटा आणि नालंदा. नाशिकचा नंबर पाचवा. पहिले कुलगुरू राम ताकवले. पुणे विद्यापीठाचं कुलगुरुपद आधी सांभाळलेल्या या माणसाला नेहमीच्या विद्यापीठाची यंत्रणा आतून ठाऊक होती, त्यामुळं तिच्यातलं काय टाकून द्यायचं हेही ठाऊक असावं. गंगापूर धरणाजवळच्या परिसराला ‘ज्ञानगंगोत्री’ असं नाव दिलं आणि ब्रीद घेतलं ‘ज्ञानगंगा घरोघरी’.

गंगा घरोघरी नेण्याची युक्ती साधी होती. नव्या इमारती बांधत बसायचं नाही. गावोगावची कॉलेजं रविवारी रिकामीच असतात. तिथंच अभ्यासकेंद्र काढायचं, तिथल्याच प्राध्यापकांना समंत्रक नेमायचं आणि सुट्टीच्या दिवशी संपर्कसत्रं घ्यायची. बाकीचं शिकवणं पुस्तकानं करायचं. त्यासाठी पुस्तकंही वेगळी लिहून घेतली. घटक लहान, आधी उद्दिष्टं, मध्ये मध्ये स्वतःलाच तपासणारे प्रश्न, उत्तरं मागे. रात्री जेवणं उरकल्यावर, भांडी घासून झाल्यावर, अर्ध्या तासात एक घटक संपला पाहिजे, असा हिशेब. शिकवणीचं वेळापत्रक विद्यार्थ्याच्या दिवसाप्रमाणं बसवायचं, ही या विद्यापीठाची खरी करामत. पदव्या-पदविकांच्या लांबलचक यादीपेक्षा मला ती मोठी वाटते.

त्याहून धीट होता पूर्वतयारी शिक्षणक्रम. वय अठराच्या वर असेल तर बारावी नसली, शाळेचा दाखलासुद्धा नसला, तरी चालेल. पूर्वतयारी पार करा आणि थेट बी. ए., बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला या. दाखल्यावर चालणाऱ्या आपल्या शिक्षणव्यवस्थेत हे मोठंच बंड होतं. त्यावरून वादही झाले. बारावी नसलेल्याची पदवी नोकरीला धरायची की नाही, पुढच्या शिक्षणाला चालवायची की नाही, यावर कचेऱ्यांनी खल केला आणि वर नियमही कडक होत गेले. नियम करणाऱ्यांची बाजू अगदीच चुकीची म्हणता येत नाही, पदवीला किमान पाया हवाच. पण तीस वर्षं संसार किंवा यंत्र चालवणाऱ्या माणसाकडं कुठलाच पाया नसतो, असं धरून चालणंही बरोबर नाही.

ज्यांचं नाव या विद्यापीठाला आहे त्यांचंही शिक्षण सरळ रेषेत झालेलं नव्हतं. यशवंतराव चव्हाणांचा जन्म १९१३ चा. स्वातंत्र्यचळवळीत तुरुंग घडला आणि मॅट्रिक व्हायला १९३४ साल उजाडलं, म्हणजे वयाची एकविशी. पुढं ते कोल्हापूरला राजाराम कॉलेजात आले आणि १९३८ साली पदवीधर झाले.

कोल्हापूरला शिक्षणाच्या बाबतीत अभिमान मिरवायची सवय आहे आणि त्याला कारणही आहे. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. सक्ती मुलांची आणि दंड बापाला, यातली मेख अशी की तो बाप बहुतेक वेळा स्वतः निरक्षर होता. त्याच्यापर्यंत पोहोचायचं कसं, याचा विचार पुण्यात जोतीराव फुल्यांनी आणि सावित्रीबाईंनी १८५५ सालीच केला होता. शेतकरी-मजुरांसाठी त्यांनी राहत्या घरी रात्रीची शाळा काढली. कामाची वेळ संपली की शाळेची सुरू होते, हे तत्त्व तिथपासूनचं.

कमला कॉलेजचा इथं आणखी एक संबंध पोहोचतो. ते ज्या ताराराणी विद्यापीठाचं, ते व्ही. टी. पाटलांनी उभं केलं. १९६२ साली कोल्हापुरातून लोकसभेवर गेलेले हेच व्ही. टी. भुदरगड तालुक्यात गारगोटीला मौनी विद्यापीठ उभारण्यात जे. पी. नाईकांच्या बरोबरीनं होते. नाईक आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. पुढं १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव झाले. नोकरी करणाऱ्यांसाठी अर्धवेळ आणि पत्रद्वारा शिक्षण वाढवा, असा आग्रह त्या आयोगाच्या अहवालात आहे. त्यांच्या पत्नी चित्रा नाईक यांनीही काही काळ गारगोटीत काम केलं आणि नंतर पुणे जिल्ह्यात, दिवसा गुरं राखणाऱ्या, भावंडं सांभाळणाऱ्या मुलामुलींसाठी खेड्यांतून संध्याकाळचे अनौपचारिक वर्ग चालवले. नाशिकच्या विद्यापीठाचं वैचारिक मूळ शोधायला ब्रिटनला जातात, आणि ते रास्तही आहे. पण त्याचा एक फाटा आजरा-गारगोटीच्या रस्त्यावर निघतो, हे कोल्हापूरकरांनाही फारसं ठाऊक नसतं.

आता दुसरी बाजू. संपर्कसत्र ऐच्छिक झालं की वर्ग रिकामा राहतो. समंत्रक येतात, विद्यार्थी येत नाहीत, आणि कुठं कुठं उलटंही होतं. बढतीपुरती पदवी हवी असणाऱ्याला पुस्तक उघडायचं नसतं, त्याला ‘महत्त्वाचे प्रश्न’ हवे असतात. अशा ठिकाणी अभ्यासकेंद्राचं परीक्षाकेंद्र होऊन बसतं आणि गोष्ट परत बहिःस्थच्या जमान्यात जाते. यात दोष एकट्या विद्यापीठाचा नाही. बढतीचा कागद मागणाऱ्या कचेऱ्याही त्यात भागीदार आहेत. तरी एवढं म्हटलंच पाहिजे की ज्याला खरोखर शिकायचं होतं त्याला या व्यवस्थेनं अडवलं नाही. गृहिणी, पोलीस, अंगणवाडी सेविका, शेतकरी असे लोक एका बाकावर बसल्याचं दृश्य नेहमीच्या कॉलेजात कधी दिसत नाही.

आणि विद्यापीठाच्याही आधीची एक पायरी अजून शिल्लक आहे. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्याची साक्षरता साडेएक्याऐंशी टक्के होती, पण स्त्रियांची चौऱ्याहत्तरच्या आसपास. शाहूंच्या जिल्ह्यात सात वर्षांवरच्या दर चार बायकांमध्ये साधारण एकीला वाचता येत नव्हतं. त्यांच्यासाठी सध्या ‘उल्लास’ हा नवभारत साक्षरता कार्यक्रम चालू आहे. वय पंधराच्या पुढं, शिकवायला बिनपगारी स्वयंसेवक, जवळची शाळा हे केंद्र आणि हातात ‘उजास’ ही पुस्तिका. राज्यात १७ मार्च २०२४ च्या रविवारी त्याची परीक्षा झाली. वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी ५० असे १५० गुण, आणि वेळ तीन तासांचा असला तरी दहा ते पाच यांत सवडीनं कधीही यायची मुभा. नातवाचा डबा करून, रोजगार उरकून आलं तरी चालतं. अक्षरांच्या जोडीला पैशाचे व्यवहार आणि मोबाइलचा वापर यांचीही ओळख या कार्यक्रमात करून देतात. भाजीच्या गाड्यावरसुद्धा क्यूआर कोड लटकतो आहे, तेव्हा पैसे किती आले हे पडद्यावर वाचता न येणाऱ्या विक्रेतीला त्याची निकड कोणी समजावून सांगायची गरज नाही.

हा कार्यक्रम २०२२ ते २०२७ असा पाच वर्षांचा आहे, म्हणजे मुदत फार नाही. तुमच्या गल्लीत, सोसायटीत, दुकानात, घरी कामाला येणाऱ्यांत सहीऐवजी अंगठा उठवणारं कोणी असेल, तर जवळच्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेटा आणि त्यांचं नाव नोंदवा. शिकवायला माणूस नाही असं उत्तर मिळालं, तर स्वयंसेवकांच्या यादीत आपलं नाव लिहून या.