जागा शहराची, आराखडा कुणाचा?

महापालिकेच्या मालकीचा एखादा मोक्याचा भूखंड मोकळा झाला की त्याचं काय करायचं, हे आपल्याकडे बहुधा दोनच वाटांनी ठरतं. एक तर सल्लागार नेमला जातो आणि त्याने काढलेली हिरवीगार चित्रं वर्तमानपत्रांत झळकतात, नाही तर टेंडर निघतं आणि सगळ्यांत कमी बोली लावणाऱ्याच्या पदरात काम पडतं. तिसरी वाट खुल्या आराखडा-स्पर्धेची. ती सुचवली की ‘असली चैन युरोपातल्या श्रीमंत शहरांना परवडते’ हे उत्तर तयारच असतं. पण अशाच एका श्रीमंत शहराचा अनुभव नीट पाहिला, तर स्पर्धा फसते ती पैशांअभावी नव्हे, हे लक्षात येतं. त्या जागेवर काय हवं आणि त्याचा खर्च कोण उचलणार, हे शहराने आधी उघडपणे ठरवलेलं नसेल, तर जगभरातले वास्तुरचनाकार गोळा करूनही हाती काही लागत नाही.

फिनलंडमधल्या हेलसिंकीत निम्म्याहून जास्त जमीन नगरपालिकेच्याच मालकीची आहे, त्यामुळे हे प्रश्न तिथे नित्याचे. संसदेसमोरच्या मोकळ्या जागेत मध्यवर्ती ग्रंथालय असावं ही कल्पना १९९८ची, आणि स्पर्धा जाहीर झाली २०१२मध्ये. मधल्या काळात घोळ घातला गेला असं वरवर वाटेल. पण ग्रंथालय म्हणजे नुसती पुस्तकांची कपाटं की आणखी काही, यावर या शहरात भरपूर खल झाला. तुमच्या स्वप्नातलं ग्रंथालय कसं असेल, असं नागरिकांना विचारलं गेलं, तेव्हा दोन हजारांहून जास्त उत्तरं आली. स्पर्धेत ५४४ आराखडे आले. तिथल्या रिवाजाप्रमाणे आराखड्यांवर फक्त टोपणनावं होती आणि खरी नावं निकालानंतर उघड झाली. पहिला क्रमांक एएलए या हेलसिंकीतल्याच संस्थेने पटकावला. जागेची अडचणही मोठी होती. खालून पुढेमागे वाहनांचा बोगदा काढायचा म्हणून जमीन राखून ठेवलेली, तेव्हा इमारतीचा भार वाटेल तिथे टाकता येत नव्हता. रचनाकारांनी शंभर मीटरहून लांब पोलादी कमानींवर इमारत पुलासारखी तोलून धरली आणि त्यामुळे तळमजला खांबांवाचून मोकळा मिळाला. मधल्या मजल्यावर शिवणयंत्रं, ध्वनिमुद्रणाच्या खोल्या, थ्रीडी प्रिंटर. पुस्तकं सगळ्यांत वर. मूळ आराखड्यातली सार्वजनिक सौना पुढे वगळली गेली, म्हणजे जिंकलेला आराखडा ही काही काळ्या दगडावरची रेघ नव्हे. ‘ओडी’ नावाचं हे ग्रंथालय २०१८च्या डिसेंबरात उघडलं. खर्च झाला ९ कोटी ८० लाख युरो, आणि त्यांतले ३ कोटी केंद्र सरकारने दिले.

ओडीचा निकाल लागून वर्ष होत होतं, तेव्हाच याच शहरात दुसरी स्पर्धा जाहीर झाली. दक्षिण बंदरालगतच्या पालिकेच्या जागेवर गुगेनहाइम संग्रहालयाची शाखा उभारायची होती. या स्पर्धेत ७७ देशांतून १,७१५ आराखडे आले, म्हणजे ओडीच्या तिपटीहून जास्त. २०१५च्या जूनमध्ये पॅरिसच्या मोरो कुसुनोकी या संस्थेला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षण नेटकं झालं, प्रदर्शनं झाली, आराखड्यात म्हणण्यासारखी खोट नव्हती. पण मुळात हे संग्रहालय हवं का, अमेरिकेतल्या प्रतिष्ठानाचं नाव वापरायला सुमारे २ कोटी डॉलर द्यायचे का, हा वाद स्पर्धेआधीच पेटला होता. २०१२मध्ये शहराच्या कार्यकारी मंडळाने मूळ प्रस्ताव एका मताच्या फरकाने फेटाळलाही होता. तो वाद न मिटवता स्पर्धा उरकण्यात आली. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. २०१६च्या अखेरीस नगरसभेने प्रकल्प ५३ विरुद्ध ३२ मतांनी बुडवला आणि १,७१५ जणांची मेहनत बासनात गेली. पुढे त्याच बंदरावर वास्तुकला आणि डिझाइनचं संग्रहालय करायचं ठरलं. या वेळी सरकार आणि शहर यांनी आपापला वाटा आधी कबूल केला, मग स्पर्धा घेतली.

स्पर्धेवरचे आक्षेप सगळेच काही पोकळ नाहीत. पण खर्चाचा आक्षेप लंगडा आहे. गुगेनहाइमच्या विजेत्याचं बक्षीस होतं १ लाख युरो, आणि बांधकामाचा अंदाज होता १३ कोटींचा. सिडनीच्या ऑपेरा हाउसचा दाखला हमखास दिला जातो. १९५७मध्ये २३३ प्रवेशिकांतून आराखडा निवडला, अंदाज ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांचा, आणि १९७३पर्यंत खर्च गेला १० कोटी २० लाखांवर. खरं आहे. पण नकाशे पुरे व्हायच्या आत, १९५९मध्ये, बांधकाम सुरू करण्याची घाई सरकारची होती. तिचं खापर स्पर्धेवर फोडण्यात अर्थ नाही. दुसरा आक्षेप असा की, परीक्षक तज्ज्ञ असतात, मग लोकांचं काय? याचं उत्तर लोकांकडून चित्रांवर मतदान घेणं हे नव्हे; संध्याकाळच्या सोनेरी उजेडात फुगे घेतलेली मुलं दाखवली की कुठलीही इमारत निवडून येईल. लोकांचा हक्क त्याआधीच्या टप्प्यावर आहे, स्पर्धेच्या अटी लिहिल्या जातात तेव्हा. तिसरा आक्षेप मात्र मान्यच करायला हवा. शेकडो संस्था फुकट राबतात आणि त्यांतली एकच जिंकते. पहिल्या फेरीत मोजकेच नकाशे मागायचे आणि दुसऱ्या फेरीतल्या निवडकांना मेहनताना द्यायचा, हा त्यावर उतारा आहे. त्याने अन्याय कमी होतो, संपत नाही.

मुंबईला स्पर्धा अगदीच परकी नाही. राणीच्या बागेतल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या नव्या दालनासाठी २०१४मध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. शंभरावर प्रवेशिका आल्या आणि अमेरिकेतले स्टीव्हन होल विजेते ठरले. दहा वर्षं उलटून गेली तरी दालन कागदावरच आहे. त्याहून मोठा प्रश्न महालक्ष्मी रेसकोर्सचा. तिथले १२० एकर ‘सेंट्रल पार्क’साठी महापालिकेकडे आले ते २०२४मध्ये, म्हणजे कारभार प्रशासकाच्या हाती असताना. निवडून आलेलं सभागृह २०२२च्या मार्चपासून अस्तित्वातच नव्हतं. एवढ्या जागेवर झाडं किती, पार्किंग किती, जमिनीखाली काही बांधायचं का, यावर भर सभागृहात भांडायला नगरसेवकच नव्हते. नाव न्यूयॉर्कच्या बागेवरून घेतलंय, तर तिचा आराखडा कसा ठरला तेही पाहायला हरकत नाही. तिथे जागा आधी कायद्याने घेतली होती. १८५७मध्ये उद्यान आयुक्तांनी स्पर्धेच्या अटी छापल्या: खर्च १५ लाख डॉलरच्या आत, कवायतीचं मैदान हवं, कारंजं हवं, हिवाळ्यात बर्फावर घसरायला जागा हवी, आणि बाग ओलांडणारे निदान चार रस्ते हवेत. आराखडे आले ३३. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट वॉक्स १८५८मध्ये जिंकले. त्यांनी ते चारही रस्ते बागेच्या पातळीखाली उतरवले. अजून वाहतूक तिथूनच जाते आणि वर फिरणाऱ्यांना तिचा पत्ता लागत नाही.