फोटोतला हा माणूस कोण?

काचेची एक निगेटिव्ह. तिच्यावर शंभर वर्षांपूर्वीचा, कडक कॉलरचा एक अमेरिकी गृहस्थ, आणि कडेला घाईघाईत खरडलेलं नुसतं आडनाव. पहिलं नाव नाही, तारीख नाही, आणि आडनावाचं स्पेलिंग तरी बरोबर आहे का, याचीही खात्री नाही. जॉर्ज ग्रँथम बेन नावाच्या माणसाने न्यूयॉर्कमध्ये १८९८ साली वृत्तपत्रांना फोटो पुरवणारी संस्था काढली होती. तिच्या अशा सुमारे ४०,००० काचा आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. बेनच्या माणसांना उद्याच्या अंकापुरती ओळख पुरेशी होती. ज्याला सगळं शहर ओळखतं, त्याचं पूर्ण नाव कशाला लिहायचं? शंभर वर्षांनी त्याला ओळखणारं ते शहरच उरलं नाही.

लायब्ररीने या काचा १९४८ साली विकत घेतल्या. पुढे त्या स्कॅन करून स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवल्या आणि काचेवर जे खरडलं होतं तेच शीर्षक म्हणून नोंदवलं. यापेक्षा जास्त करणार तरी काय? लायब्ररीच्या चित्र आणि छायाचित्र विभागात तेव्हा १ कोटी ४० लाखांच्या आसपास चित्रं होती. एकेका चेहऱ्यामागे आठवडाभर घालवायचा म्हटलं, तर ग्रंथपालांच्या कित्येक पिढ्या खपल्या असत्या.

मग १६ जानेवारी २००८ रोजी त्यांनी एक साधी गोष्ट केली. बेनच्या सुमारे १,५०० आणि १९३९ ते १९४४ या काळातल्या सुमारे १,६०० रंगीत छायाचित्रांची प्रत फ्लिकरवर टाकली. फ्लिकर म्हणजे लोकांनी आपापले फोटो टाकावेत, दुसऱ्यांचे बघावेत, खाली दोन शब्द लिहावेत, अशी जागा. यातला एकही फोटो नवा नव्हता. सगळे आधीपासून लायब्ररीच्या संकेतस्थळावर फुकट बघायला मिळत होते. बदलला तो फक्त पत्ता, आणि पहिल्या चोवीस तासांत ते ११ लाख वेळा पाहिले गेले!

रंगीत फोटोंनी तर लोक चक्रावलेच. महामंदी आणि दुसरं महायुद्ध हा काळ आपल्या डोक्यात कृष्णधवल आहे. इथे मात्र एप्रिल १९४३ मधल्या, आयोवा राज्यातल्या क्लिंटन गावच्या रेल्वे कामगार बायका जेवणाच्या सुट्टीत बसलेल्या दिसतात. पुरुष युद्धावर गेलेले, म्हणून इंजिनं पुसायचं काम बायकांकडे आलेलं. जॅक डेलानोने टिपलेल्या त्या फोटोत त्यांच्या डोक्याच्या रुमालांचे रंग इतके ताजे आहेत की फोटो परवा काढला असावा असं वाटतं.

हे सगळं सुरू होण्याआधी एक कायदेशीर गाठ सोडवावी लागली. फ्लिकरवर फोटो टाकताना त्याचे हक्क कसे आहेत ते सांगावं लागतं, आणि तिथले सगळे पर्याय फोटो टाकणारा हाच मालक, असं धरून चाललेले. लायब्ररी तर मालक नव्हती, नुसती सांभाळणारी होती. मग तिच्यासाठी नवाच पर्याय तयार झाला: या चित्रावर कोणताही हक्कनिर्बंध असल्याचं ज्ञात नाही. या एका ओळीने ‘फ्लिकर कॉमन्स’ उभं राहिलं. पुढे जगभरच्या किती तरी ग्रंथालयांनी आणि संग्रहालयांनी याच दारातून आपले फोटो बाहेर काढले.

आणि लोक लिहू लागले. कुणी जुन्या वर्तमानपत्रांच्या दप्तरातून नेमकी बातमी शोधून आणली आणि खरडलेल्या आडनावाला पूर्ण नाव मिळालं. कुणी रस्ता ओळखला, त्याच कोपऱ्यावर जाऊन आजचा फोटो काढला आणि जुन्याच्या शेजारी लावला. कुणी आजीने सांगितलेलं लिहिलं. यातली वीसेक माणसं तर इतकी चिवट निघाली की लायब्ररीने त्यांना इतिहासाचे गुप्तहेरच म्हणायला सुरुवात केली. पगार नाही, ओळखपत्र नाही. संध्याकाळी घरी बसून एका अनोळखी माणसाचं नाव शोधायचं.

ऑक्टोबर २००८ पर्यंतचा हिशोब लायब्ररीने स्वतःच मांडला आहे. सुमारे १ कोटी ४ लाख वेळा फोटो पाहिले गेले. २,५६२ खात्यांवरून ७,१६६ प्रतिक्रिया आल्या. आणि ज्याची धास्ती होती तो शिवीगाळीचा, वाह्यात मजकूर? काढून टाकावा लागला असा मजकूर पंचवीस ठिकाणीही नव्हता. इंटरनेटवरच्या माणसाविषयी इतकी चांगली बातमी क्वचितच वाचायला मिळते.

मला सर्वांत भावतो तो पुढचा टप्पा. कुणीतरी लिहिलं म्हणून नोंद बदलली, असं झालं नाही. ग्रंथपाल पुरावा तपासायचे, पटला तरच लायब्ररीच्या मूळ तालिकेत दुरुस्ती व्हायची, आणि दुरुस्तीखाली माहितीचा उगम म्हणून फ्लिकर कॉमन्स प्रकल्पाचं नाव नि साल यायचं. पहिल्या दहाएक महिन्यांत अशा ५०० पेक्षा जास्त नोंदी सुधारल्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय स्मृतीच्या वहीत कुण्या टोपणनावाच्या वाचकाची भर, आणि तिची रीतसर पोच! ग्रंथालय वाचकाला देतं आणि वाचक घेतो, हे आपण इतकं गृहीत धरलेलं असतं की उलटा प्रवाह सुरू झालेला पाहताना गंमत वाटते.

लोकांनी आणखी एक काम केलं: फोटोंना टॅग लावले, एकूण ६७,१७६. तोवर लायब्ररीच्या खात्यावर ४,६१५ फोटो जमले होते आणि त्यातल्या ६७ फोटोंचा अपवाद सोडला तर प्रत्येकाला कुणी ना कुणी निदान एक टॅग लावलेला होता. टॅगचं महत्त्व कळण्यासाठी ग्रंथालयातल्या विषयनोंदी कशा होतात ते पाहावं लागेल. तिथे मनाला येईल तो शब्द चालत नाही. एका गोष्टीसाठी एकच मान्य शब्द. तोच सगळ्यांनी वापरायचा, म्हणजे एका विषयाचं सगळं एका ठिकाणी सापडतं. शिस्त उत्तम, पण वाचकाला तो मान्य शब्द ठाऊक असतोच असं नाही. त्याला हवा असतो लाल रुमाल, जेवणाचा डबा, हसणारी बाई. तालिका सांगते की हा फोटो रेल्वे कामगारांचा आहे. टॅग सांगतो की यात सँडविच आहे. लायब्ररीने हे टॅग आपल्या तालिकेत सरसकट ओतले नाहीत, आणि ते बरंच केलं. दोन्ही भाषा शेजारी शेजारी राहिल्या आणि शोधणाऱ्याला दोन वाटा मिळाल्या.

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीपुढचा पेच याहून विलक्षण होता. सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातली सुमारे ६५,००० पुस्तकं स्कॅन झाली होती. स्कॅनमधला मजकूर वाचणारा संगणक, जिथे अक्षरं सापडत नाहीत तो चौकोन वेगळा दाखवतो. तिथल्या तंत्रज्ञांनी हे ‘अक्षरं नसलेले’ चौकोन कापून काढले, आणि हाती लागली दहा लाखांहून जास्त चित्रं! नकाशे, नक्षीदार आद्याक्षरं, जहाजं, दुर्बिणी, भारतासकट दूरदूरच्या प्रवासवर्णनांतली रेखाटनं. चित्र कोणत्या पुस्तकातलं आणि कितव्या पानावरचं, हे ठाऊक होतं. चित्रात काय आहे, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आधी ‘मेकॅनिकल क्युरेटर’ नावाचा एक प्रोग्रॅम त्यातलं कुठलंही एक चित्र उचलून ठरावीक वेळाने टंबलरवर टाकत राहिला. मग डिसेंबर २०१३ मध्ये अख्खा ढीगच फ्लिकरवर ओतला: घ्या, बघा, वापरा आणि ओळखलंत तर सांगा.

लोकांनी त्यातून ५०,००० हून जास्त नकाशे वेगळे काढले. वर्षानुवर्षं पुस्तकांच्या घड्यांत दडलेले हे नकाशे ग्रंथालयाच्या नकाशा विभागालाही माहीत नव्हते. मग स्वयंसेवक ते आजच्या नकाशावर बसवू लागले: जुन्या नकाशातलं चर्च आजच्या चर्चवर, जुना पूल आजच्या पुलावर. असे मोजके बिंदू जुळले की उरलेला कागद संगणक ताणून बसवतो.

वाचक येईपर्यंत थांबायचं नाही, आपणच त्याच्याकडे जायचं, ही कल्पना इंटरनेटची नाही. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेल्या सयाजीराव गायकवाडांनी अमेरिकेतली सार्वजनिक ग्रंथालयं पाहिली आणि १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्याला आणलं. त्यातून जी व्यवस्था उभी राहिली तिच्यात पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव फिरत. आज लोक दिवसातून पन्नास वेळा मोबाइल उघडतात. सयाजीरावांनी पेटी तिथेच पाठवली असती, याविषयी मला शंका नाही.

न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने २०१८ च्या ऑगस्टमध्ये जवळजवळ तेच केलं: इन्स्टाग्रामच्या स्टोरीत लुईस कॅरलची ‘अॅलिस’ अख्खी घातली. स्टोरीचा पडदा काही सेकंदांत आपोआप पुढे सरकतो, मग वाचायचं कसं? पण बोट टेकवून धरलं की तो थांबतो. म्हणून पानावर अंगठ्यासाठी खास जागा आखली. पुस्तक हातात धरताना अंगठा जिथे असतो, साधारण तिथेच! याच ग्रंथालयाने त्याआधी, पूर्वीच्या वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांची कार्डं इन्स्टाग्रामवर टाकली होती. १९४०च्या दशकात कुणाला घरी ऑक्टोपस पाळता येईल का हे हवं होतं, तर कुणाला पापणीचा केस किती दिवस जगतो ते. गूगल नव्हतं तेव्हा लोक ग्रंथपालाला काय काय विचारत, आणि तो न हसता उत्तर शोधत असे, हे त्या कार्डांतून नव्या पिढीला कळलं.

बहुतेक ग्रंथालयांची खाती मात्र सुन्न कंटाळा आणतात. जयंती, पुण्यतिथी, हाराचा फोटो, सुट्टीची सूचना. उलट, स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवरचं १६८३ साली सुरू झालेलं ग्रंथालय पाहा. ट्विटरवर त्याची शेजारच्या शेटलंड बेटांवरच्या ग्रंथालयाशी लुटुपुटुची भांडणं चालत आणि बेटांच्या लोकसंख्येपेक्षा त्याचे फॉलोअर जास्त झाले. तिथल्या ओळखीतूनच २०१६ मध्ये जे. के. रोलिंग त्यांच्या वाचकगटाच्या बैठकीला अचानक जाऊन बसल्या. जाहिरात संस्थेला लाखो रुपये मोजून हे होत नाही. खात्यामागे विनोदबुद्धी असलेला एक जिवंत ग्रंथपाल लागतो.

आपल्याकडे रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ पासूनचं. शंभरी ओलांडलेली वाचनालयं तर गावोगाव आहेत. अशा संस्थांच्या भिंतींवर संमेलनांचे, व्याख्यानमालांचे, कार्यकारी मंडळांचे समूहफोटो असतात. मधल्या खुर्चीवरच्या पाहुण्याचं नाव लिहिलेलं असतं, मागच्या रांगेतल्यांचं बरेचदा नसतं. त्यांची नातवंडं-पतवंडं कुठल्या ना कुठल्या व्हॉट्सअ‍ॅप गटात आहेतच. रोज एक फोटो आणि खाली एकच प्रश्न, एवढं करायला अनुदान लागत नाही. फक्त आलेलं उत्तर गटातच वाहून जाऊ न देता तपासून वहीत उतरवणारं कुणी हवं.

या सगळ्यात एक धोका आहे. ही घरं भाड्याची आहेत आणि मालक बदलत राहतात. फ्लिकर २००५ मध्ये याहूकडे गेलं, २०१८ मध्ये स्मगमगकडे. ट्विटर २०२३ मध्ये एक्स झालं. म्हणून मूळ प्रत ग्रंथालयाच्या स्वतःच्या कपाटातच हवी, असं जाणते सांगतात, आणि ते खरं आहे. पण ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस घडलं ते उलटंच. ब्रिटिश लायब्ररीवर मोठा सायबर हल्ला झाला, संकेतस्थळ बंद पडलं आणि शोधता येण्याजोगी मुख्य तालिका पुन्हा वाचकांपुढे यायला २०२४ चा जानेवारी उजाडला. त्या काळात ग्रंथालय वाचकांशी बोलत होतं ते समाजमाध्यमांवरून. आणि दहा वर्षांपूर्वी बाहेर ओतलेली ती दहा लाख चित्रं फ्लिकरवर जशीच्या तशी बघायला मिळत होती.