भागाकारातले शून्य

भागाकाराचा सगळा डोलारा एका नात्यावर उभा आहे: भाज्य = भाजक × भागाकार + बाकी. बाकी नेहमी भाजकापेक्षा लहान असते आणि भाजक कधीच शून्य नसतो.

१८३९ ला ९ ने भागताना ‘नऊ दुणे अठरा’ म्हणून २ लिहिले जातात. पुढचा ३ खाली घेतला, तर त्यात ९ जात नाहीत. इथे भागाकारात ० लिहिणे आवश्यक आहे. मग ९ खाली घेऊन ३९ होतात, ‘नऊ चोक छत्तीस’, बाकी ३. उत्तर २०४. मधले शून्य विसरले, तर उत्तर २४ येते. ताळा हा घोटाळा लगेच पकडतो: ९ × २०४ + ३ = १८३९.

बीजगणितातही रीत हीच आहे. क्ष³ + २क्ष − ५ ला क्ष − १ ने भागताना गाळलेल्या घाताची जागा भरून क्ष³ + ०क्ष² + २क्ष − ५ असे मांडावे. पहिल्या पदाला पहिल्या पदाने भागावे, गुणाकार वजा करावा, पुढचे पद खाली घ्यावे. भागाकार क्ष² + क्ष + ३ आणि बाकी −२ येते. इथे बाकीची कोटी भाजकाच्या कोटीपेक्षा लहान असली की भागाकार थांबतो.

शेष सिद्धांताने बाकी थेट पडताळता येते: क्षच्या जागी १ ठेवल्यास १ + २ − ५ = −२. बाकी शून्य आली असती, तर क्ष − १ हा बहुपदीचा अवयव ठरला असता. सरावात प्रत्येक उदाहरणाचा ताळा घेतल्यास चूक नेमकी कोणत्या पायरीवर झाली, ते शोधणे सोपे जाते.