फायबरच्या होडीची घरगुती दुरुस्ती

त्र्यंबकेश्वरीं ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी नाशिकास पोंचण्यापूर्वीं गंगापूरच्या धरणांत विसावते. त्या जलाशयावर आमच्या विद्यार्थ्यांनीं होड्या पाहिल्याच असतील. लांकडी होड्यांची जागा आतां पुष्कळ ठिकाणीं फायबरच्या होड्यांनीं घेतली आहे. कोंकणचे कोळीही त्या वापरतात. अशा होडीची भेग घरच्या घरीं बुजवितां येईल काय, असा प्रश्न मध्यंतरीं एका पालकांनीं आम्हांस केला. येईल खास, परंतु जो पदार्थ हाताळावयाचा, त्याचा स्वभाव प्रथम ओळखला पाहिजे.

फायबर म्हणजे कांचेचे अतिशय बारीक तंतू. त्यांची चटई रेझिन नामक कृत्रिम राळेंत भिजवून थरावर थर देतात. मातीच्या विटेंत भुसा जें काम करितो, तेंच येथें कांच करिते. अमेरिकेंत टोलेडो येथें रे ग्रीन यांनीं १९४२ सालीं अशी एक लहान होडी तयार केली. पुढें हा प्रकार जगभर पसरला.

दुरुस्तीस आरंभ करण्यापूर्वीं होडी पूर्ण वाळली पाहिजे. ओल राहिल्यास नवा थर धरत नाहीं. म्हणून त्र्यंबकच्या पावसाळ्यांत हें काम काढूं नये. सुटलेला भाग कापून टाकावा व भेगेच्या कडा उतरत्या घासाव्या. तळ ५ मिलिमीटर जाड असेल, तर उतार सुमारें ६० मिलिमीटर रुंद असावा. जुनें घट्ट झालेलें रेझिन नव्याशीं एकजीव होत नाहीं, नवें त्यास केवळ चिकटतें. म्हणून चिकटण्यास जागा जितकी अधिक, तितका जोड पक्का. नुसतें वरून लावलेलें ठिगळ लवकरच सुटतें. त्यानंतर चटईचे तुकडे एकामागून एक बसवून रोलरनें आंतील हवेचे बुडबुडे काढावे.

रेझिन घट्ट होण्यासाठीं त्यांत हार्डनर घालतात. सामान्यतः १ किलो रेझिनास १० ते २० ग्रॅम पुरतो; तथापि डब्यावरील सूचना प्रमाण मानावी व माप काट्यावर करावें, अंदाजानें नव्हे.

आतां धोके सांगतों. कांचेची धूळ त्वचेस खाज आणते व छातींत जाते. तेव्हां घासतांना पूर्ण बाह्यांचे कपडे, चष्मा व मुखवटा हवा. रेझिनांतून निघणारी स्टायरीनची वाफ हवेहून जड असून बंद खोलींत तळाशीं साचते. तीस कापडी पट्टी अडवीत नाहीं. त्यासाठीं कोळशाच्या डब्यांचा मुखवटा घालून उघड्यावर काम करावें. ही वाफ व हात पुसण्याचें ॲसिटोन दोन्ही ज्वालाग्राही आहेत. जवळ चूल अगर विडी नसावी. हार्डनरचा थेंब डोळ्यांत गेल्यास दृष्टि जाऊं शकते. तत्काळ निदान १५ मिनिटें पाण्यानें डोळा धुवावा व वैद्यकीय मदत घ्यावी.

सर्वांत मोठा धोका कोबाल्टच्या ॲक्सिलरेटरचा. कित्येक ठिकाणीं तो रेझिनाबरोबर निराळ्या बाटलींत मिळतो. तो व हार्डनर एकमेकांत कदापि थेट मिसळूं नयेत, स्फोट होतो. प्रथम ॲक्सिलरेटर रेझिनांत पूर्ण ढवळावा व मगच हार्डनर घालावा. दोहोंस एकच चमचाही वापरूं नये.

एकदां आम्हीं घाईनें डबाभर रेझिन एकदम कालविलें. थोड्याच वेळांत डबा हातांत धरवेना व त्यांतून धूर निघूं लागला. घट्ट होतांना रेझिन तापतें, आणि मोठ्या गोळ्यांतील उष्णतेस बाहेर पडण्यास वाट नसते. तेव्हांपासून आम्ही वाटीभरच कालवितों आणि उरलेलें बाहेर मोकळ्या जागेंत थंड होऊं देतों.

लहान भेग घरीं बुजवावी. परंतु होडीचा कणा, आंतील फासळ्या अगर इंजिन बसविलेली पाठ फुटली असेल, तर कारागिराकडेच जावें. दुरुस्त होडी प्रथम काठाजवळील उथळ पाण्यांत तपासावी. तींत प्रथम मोठ्यांनींच, जीवरक्षक जाकीट घालून, बसावें. रंग दिल्यावर भेग दिसेनाशी होते, म्हणून ती बुजली असें समजूं नये. आंतील जोड पाहतो तो केवळ करणारा. आणि त्याच्याच भरंवशावर मुलें होडींत पाय ठेवितात.